गोव्यात अ‍ॅजाइलचा क्लब काढताय? मग या चुका टाळा

अ‍ॅजाइल, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत पुरं करून दाखवायचं आणि लोक काय म्हणतात ते बघून पुढचं ठरवायचं ही पद्धत, शिकायला आणि सराव करायला क्लब काढूया म्हटलं की गोव्यात माणसं मिळतात. पणजी-पर्वरीची आयटीतली मुलं येतात, वेर्ण्याच्या कंपन्यांत प्रोजेक्ट सांभाळणारे येतात, फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी येतात. पहिल्या मीटिंगला खुर्च्या कमी पडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मीटिंगला बघावं तर नेहमीचे सहा-सात जण. मग दोष लोकांना दिला जातो, की कुणाला शिकायचंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. लोक येईनासे होतात कारण क्लबमध्ये अ‍ॅजाइलविषयी बोलणं खूप होतं आणि त्या पद्धतीने काम करून एक तरी गोष्ट पुरी करणं होतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्लाइड्स. दर वेळी कुणीतरी लॅपटॉप जोडतो आणि २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले, त्यांनी या पद्धतीची चार मूल्यं आणि बारा तत्त्वं मांडली, इथून गाडी सुरू होते. अहो, ते सगळं नेटवर फुकट आहे आणि वाचायला दहा मिनिटं लागतात. स्क्रम ही या पद्धतीने काम करायची एक रूढ चौकट, तिचं केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी लिहिलेलं स्क्रम गाइडही फुकट आहे, २०२० ची आवृत्ती मोजून थोड्या पानांची आहे. हे घरून वाचून यायचं असा नियमच करा. मीटिंगचे दोन तास हाताने काम करायला ठेवा.

आता काम कुठलं घ्यायचं? इथे दुसरी चूक होते. कुणी आपल्या ऑफिसचा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, घेऊन येतो, आणि त्यात क्लायंटची माहिती असते, म्हणजे उद्या नोकरीवर बेतायचं. ते अजिबात नको. नाहीतर मग ‘समजा आपण एक फूड डिलिव्हरी अ‍ॅप बनवतोय’ असलं खोटं काम घेतात, ज्याची कुणीच वाट बघत नसतं. त्यापेक्षा गावातलं खरं काम घ्या, ज्याला खरी तारीख आहे आणि ज्यात खरा माणूस विचारणार आहे की झालं का.

जत्रेचं नाटक घ्या ना. क्लबातल्या कुणाच्या तरी गावात नाट्यमंडळ असणारच, आणि जत्रा तिथीने ठरलेली, ती काही पुढे ढकलता येत नाही, म्हणजे वेळ पक्का आणि त्यात काय-काय बसवायचं हे आपण ठरवायचं, अ‍ॅजाइल शिकायला याहून चांगली परिस्थिती मला तरी माहीत नाही. एका चिठ्ठीवर एक काम अशा चिठ्ठ्या लिहायला घेतल्या की संहिता, पात्रं, तालमी, नेपथ्य, ड्रेपरी, मेकअपवाला, हार्मोनियम-तबला, लाइट, वर्गणी असं सगळं बाहेर येतं. आणि इथेच जवळजवळ प्रत्येक ग्रुप एकच गोष्ट करतो, की एकाने नेपथ्य घ्यायचं, दुसऱ्याने ड्रेपरी, तिसऱ्याने लाइट. दोन आठवड्यांनी विचारा काय दाखवणार, तर दाखवायला काहीच नाही, सगळ्यांचं थोडं थोडं झालेलं! याउलट पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या पहिल्या टप्प्यात, पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश तेवढा पुरा बसवा. संवाद पाठ, पेटी साथीला, नेपथ्य म्हणून दोन खुर्च्या चालतील, पण चार गावकऱ्यांसमोर तो प्रवेश करून दाखवा. मागे बसलेल्याला आवाज ऐकू येत नाही हे तेव्हाच कळतं, जत्रेच्या रात्री नाही. स्प्रिंट रिव्ह्यू म्हणजे काय हे एकदा असं बघितलं की परत समजावून सांगावं लागत नाही. आणि हो, मंडळाची अख्खी कमिटी प्रॉडक्ट ओनर म्हणून बसवू नका. आधी काय आणि नंतर काय हे सांगणारा माणूस एकच हवा, बाकीच्यांनी त्याच्याशी बोलावं.

या चिठ्ठ्या बोर्डावर रकाने करून लावायच्या. त्यात ‘चालू’ या रकान्यात चिठ्ठ्यांची गर्दी झाली आणि ‘झालं’ रिकामा, तर समजा की मर्यादा घातलेली नाही. पाच जणांची टीम असेल तर एका वेळी तीनच चिठ्ठ्या चालू ठेवा. चौथी घ्यायची तर आधीची संपवा, किंवा जो अडकलाय त्याच्या मदतीला जा. सुरुवातीला माणसं कुरकुरतात, हात रिकामे ठेवायचे का म्हणून. ठेवा थोडा वेळ. अडकलेलं काम कुठलं हे दिसायला लागतं ते त्यामुळेच. आणि ‘झालं’ म्हणजे नक्की काय ते चिठ्ठी उचलायच्या आधीच लिहून ठेवा, ड्रेपरीवाल्याला फोन केला म्हणजे झालं की कपडे अंगाला लावून बघितले म्हणजे झालं.

कुठलं काम किती मोठं याचा अंदाज लावताना सीनियर माणूस आधी बोलतो आणि मग सगळे तोच आकडा म्हणतात. यावर उपाय घरातच आहे, पत्त्यांचा कॅट. प्रत्येकाला एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, अठ्ठी आणि तेरासाठी राजा द्या, पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. एकाची दुर्री आणि एकाचा राजा निघाला तर त्या दोघांनाच आधी बोलू द्या, कारण त्यातल्या एकाला असं काहीतरी माहीत असतं जे बाकीच्यांना माहीत नाही. आकड्यापेक्षा ते बोलणं महत्त्वाचं. या आकड्यांना स्टोरी पॉइंट्स म्हणतात, त्यांना तास समजू नका आणि दोन टीमच्या पॉइंट्सची तुलना तर करूच नका. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट्सचं नावही नाही, हेही सांगून ठेवा, म्हणजे त्यावरून भांडणं होत नाहीत.

रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काम कसं झालं यावर बोलायच्या बैठकीत, सगळे गप्प बसतात ही तक्रार सगळीकडेच असते, पण आपल्याकडे त्याला खास कारण आहे. गोवा लहान. समोर बसलेला आपल्या मॅनेजरचा मेव्हणा निघतो, नाहीतर उद्या त्याच्याच कंपनीत इंटरव्ह्यूला जायचं असतं. अशा ठिकाणी ‘मोकळेपणाने बोला’ म्हणून कोण बोलणार? म्हणून एकाच ऑफिसचा साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसं एका गोलात बसवू नका. पहिली पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, नाव न घालता चिठ्ठ्या लिहायच्या, त्या एकत्र करून मिसळायच्या आणि सगळ्यात नवीन माणसाने वाचायच्या. माणसांवर नाही, कामाच्या पद्धतीवर लिहायचं. लिहिताना मराठी, कोंकणी, इंग्लिश, ज्याला जे जमेल ते. इंग्लिशचा आग्रह धरला की बोलणारे दोघेच उरतात. आणि शेवटी एकच बदल निवडा, दहा नको, तो पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर चिठ्ठी म्हणून लावा, नाहीतर तो विसरलाच म्हणून समजा.

डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, क्लबमध्ये कसा करायचा असंही विचारतात. महिन्यातून दोनदा भेटणाऱ्यांनी गोलात उभं राहून ‘काल काय केलं, आज काय करणार’ म्हणायला काही अर्थ नाही, आणि ते ठरावीक प्रश्न तर स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. स्प्रिंट चालू असताना जे खरोखर काम करतायत त्यांनी रात्री पंधरा मिनिटांचा कॉल करावा, बाकीच्यांनी त्यात येऊ नये. स्प्रिंट एक महिन्याच्या आतली ठेवा आणि लांबी ठरली की वाढवू नका. चवथ आली म्हणून स्प्रिंट आठवडाभर ताणायची ही आपल्याकडची सवय. चवथीला निम्मे लोक गावच्या घरी माटोळी बांधत असणार हे कॅलेंडरवर आधीच दिसतं, मग त्या स्प्रिंटमध्ये कामच कमी घ्या.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ज्याला हवंय त्याने जरूर करावं, पण क्लबच्या मीटिंगमध्ये परीक्षेचे प्रश्न सोडवत बसू नका. वेळेचंही बघा, संध्याकाळी सातला पणजीत मीटिंग ठेवली तर साखळी-पेडण्याच्या माणसाला परतीची बस कुठून मिळणार? रविवारी सकाळी ठेवा, आणि एकदा पणजी, एकदा मडगाव, एकदा फोंडा असं फिरवत राहा.

क्लब आधीच थंडावला असेल तर नवीन लोगो, नवीन ग्रुप, मोठा पाहुणा यातलं काहीही करू नका. जे पाच-सहा जण उरलेत त्यांनाच बोलवा, दोन आठवड्यांत पुरं होईल असं एक काम घ्या, वाड्यावरच्या वाचनालयाच्या एका कपाटातल्या पुस्तकांची यादी एवढंसुद्धा चालेल, आणि ते काम ज्याला हवंय त्या माणसाला रिव्ह्यूला समोर बसवा. तो म्हणेल, यादी छान आहे पण पुस्तक कुणी नेलंय ते यात कळत नाही. तेच पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्या.