जुनी स्टॉक कार नव्या गाड्यांत उतरवताय? या चुका टाळा

विस्कॉन्सिनमधल्या रोड अमेरिका ट्रॅकवर पाचव्या वळणाआधी एक लांबलचक उतार आहे. तिथे कुंपणाशी उभं राहिलं की गाड्या आधी ऐकू येतात, मग दिसतात. आमची १९७७ ची शेवरोले माँटे कार्लो ही स्टॉक कार (दिसायला रोजच्या गाडीसारखी, पण शर्यतीसाठी बांधलेली) त्या उतारावरून आली, तेव्हा जिथे ब्रेक मारायचं ठरलं होतं तिथे ड्रायव्हरने मारलाच नाही. पुढे २००० नंतरची एक गाडी होती. ती जिथे ब्रेक मारेल तिथेच आपणही मारायचा, असं याने मनात घेतलं. पेडल थेट फळीला टेकलं. वळण डावीकडे, आमची गाडी सरळ. नशीब, पुढे जागा होती. रेडिओवर जे अस्सल कोल्हापुरी ऐकू आलं ते छापण्यासारखं नाही.

ड्रायव्हर माझा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही दोघंही नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो आणि उत्तर कॅरोलिनात, म्हणजे स्टॉक कारच्या पंढरीत, येऊन पडलो. दहावीच्या सुट्टीत उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मी कार्ब्युरेटर धुतले होते. ते ज्ञान इथे कामाला येईल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

जुन्या गाड्यांच्या शर्यतींत बऱ्याचदा दोन-तीन दशकांच्या स्टॉक कार एकाच गटात सोडतात. आमच्या गाडीचं वजन सुमारे १७०० किलो, इंजिन ३५८ घनइंचांचं, गिअर चार. त्या काळी अशी इंजिनं साडेपाचशे-सहाशे अश्वशक्ती द्यायची. २०१० च्या आसपास त्याच ३५८ मधून आठशेच्या वर काढायला लागले. म्हणजे मागून येणारी गाडी हलकी, जास्त ताकदीची, आणि थांबण्यात तर आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. हे सगळं माहीत असूनही माणूस चुका करतो. आम्ही जवळपास सगळ्या करून बसलोय.

ब्रेकची खूण दुसऱ्याकडून उसनी घेणे

सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून जरा सविस्तर. वेग ताशी २०० वरून २४० किलोमीटर झाला तर आकडा २० टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा वाढते ४४ टक्क्यांनी. त्यात आमच्या ब्रेकच्या डिस्क आजच्या मानाने पापड. साठच्या दशकातली गाडी असेल तर डिस्कही नाहीत, ड्रमच. त्यातले धातूमिश्रित लायनर गार असताना धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या लॅपला ब्रेक नाहीतच असं समजून चालवायचं.

ब्रेक गेला म्हणून ड्रायव्हर परत आला की पहिला प्रश्न: पेडल कसं लागलं? मऊ, स्पंजसारखं होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल हवेतला ओलावा पितं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मागच्या सीझनचं ऑइल तसंच ठेवून ट्रॅकवर जाणं म्हणजे हौसेने अपघात विकत घेणं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. अशा वेळी ब्रेक गार करणाऱ्या डक्टमधून हवा नीट येते का बघा, नाहीतर जास्त तापमानाचे पॅड घाला.

तिसरा प्रकार फसवा असतो. पेडल एकदा खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबलं की जागेवर येतं. लोक ताबडतोब मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) बदलतात. आम्हीही बदलला, दोनदा. खरा दोष चाकाच्या हबच्या बेअरिंगमध्ये होता. बेअरिंगला जरा जास्त प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला किंवा गाडी ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढली की डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. मग पुढच्या ब्रेकचा अर्धा दाब ती फट भरण्यातच संपतो. बेअरिंग नीट बसवा, आणि वळणाआधी सरळ रस्त्यावरच डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी मारायची सवय लावा. आमच्या ड्रायव्हरला ती लागायला तीन वीकेंड गेले.

आरशाकडे दुर्लक्ष, किंवा आरशातच अडकून बसणे

मागून चार-पाच सेकंदांनी वेगवान गाडी येतेय म्हटल्यावर नवा ड्रायव्हर दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तिला अडवायला जातो, नाहीतर इतका घाबरतो की वळणाच्या मधेच लाइन, म्हणजे वळणातली नेहमीची वाट, सोडून बाजूला होतो. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, कारण मागच्याने तुमची लाइन गृहीत धरलेली असते. आपली लाइन धरून चालायचं आणि कोणत्या बाजूने जायचं ते हाताने स्पष्ट दाखवायचं. तेही सरळ रस्त्यावर.

आमचं रेडिओवर असं चालतं:

"भावा, मागनं दोन आल्यात. पिवळी आणि तिच्या मागं निळी."

"दिसली पिवळी."

"निळीलाबी सोड. एकीला सोडून आत वळू नको."

ही शेवटची सूचना अनुभवातून आलेली. पहिली गाडी गेली की ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकतो आणि दुसरीवर वळतो. अमेरिकेतल्या अनेक जुन्या गाड्यांच्या क्लबांत १३/१३ चा नियम आहे. दुसऱ्या गाडीला लागलात आणि चूक तुमची ठरली, तर त्या वीकेंडचा गाशा गुंडाळायचा आणि पुढचे १३ महिने देखरेखीखाली काढायचे. त्या मुदतीत पुन्हा लागलात तर १३ महिने घरी. खिशाला दरवाजा बदलण्याचा खर्च परवडेल, पण सीझन गेला तो गेलाच.

दुसऱ्याच्या हवेचा मोह

१९६० च्या डेटोना ५०० या स्टॉक कार शर्यतीत ड्रायव्हर ज्युनिअर जॉन्सन यांच्याकडे रे फॉक्स यांनी बांधलेली १९५९ ची शेवरोले होती, आणि पॉन्टिअॅक गाड्या तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान होत्या. सरावात एका पॉन्टिअॅकच्या शेपटीला चिकटल्यावर जॉन्सन यांच्या लक्षात आलं की पुढची गाडी हवा फाडते आणि आपली आयतीच ओढली जाते. त्या जोरावर मागच्या वर्षीच्या गाडीने त्यांनी ती शर्यत जिंकली. ही गोष्ट प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला पाठ असते आणि इथेच तो फसतो.

डेटोना अडीच मैलांचा ओव्हल, म्हणजे गोलाकार ट्रॅक, वळणं ३१ अंशांनी आत कललेली, ब्रेकचं काम जवळपास नाही. रोड कोर्सवर, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेल्या रोड अमेरिकासारख्या ट्रॅकवर, वेगवान गाडीच्या मागे चिकटून सरळ रस्त्यावर चार-सहा किलोमीटरचा जास्तीचा वेग मिळतो खरा, पण तोच वेग घेऊन तुम्ही त्या पापडी डिस्कवर वळणाशी पोहोचता. शिवाय पुढच्या गाडीमागे रेडिएटरला ताजी हवा मिळत नाही. पाण्याचा काटा चढायला लागला की अर्धी गाडी बाजूला काढा, म्हणजे अर्ध्या जाळीला तरी वारा लागेल. तरीही उतरला नाही तर मागे या. हेड गॅस्केट पिटात बदलण्याची हौस एकदाच पुरे.

ओव्हलची गाडी तशीच्या तशी रोड कोर्सवर

जुन्या स्टॉक कारचा जन्म डावीकडे वळण्यासाठी झालेला. टाकीतलं पेट्रोल वळणात उजवीकडे जातं म्हणून ते ओढून घेणारा पिकअपही उजव्या कोपऱ्यात. रोड अमेरिकावर पहिलंच वळण उजवं. टाकी भरलेली असेपर्यंत काही कळत नाही. अर्धी झाली की उजव्या वळणातून बाहेर पडताना गाडी मिसिंग मारायला लागते, आणि सगळे इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर उघडून बसतात. आधी हे बघा: मिसिंग फक्त उजव्या वळणात येतं का, आणि पेट्रोल भरल्यावर जातं का? दोन्हीला उत्तर हो असेल तर इग्निशनला हात लावू नका.

ब्रेक मारला की काळा धूर आणि वळणात इंजिन गुदमरल्यासारखं, हा निराळा आजार. होली कार्ब्युरेटरच्या मागच्या भांड्यातलं पेट्रोल झोकाने पुढे येतं, व्हेंटमधून वर चढतं आणि थेट इंजिनात सांडतं. भांड्यातली पेट्रोलची पातळी ठरवणारा फ्लोट थोडा खाली करा आणि दोन्ही व्हेंट एका नळीने जोडा. पाच मिनिटांचं काम, तेही गॅरेजातल्या पोराने करण्यासारखं.

उजवीकडचं मागचं टायर मोठं ठेवण्याची ओव्हलची पद्धतही घरी ठेवून या. नाहीतर उजव्या वळणात गाडी तुमच्याशी भांडते आणि तुम्ही हँडलला दोष देता.

पेट्रोलचं म्हणाल तर १९७६ चं ल मां, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, आठवा. अमेरिकी स्टॉक कार ड्रायव्हर हर्शल मॅकग्रिफ आणि त्यांचा मुलगा डग एक डॉज चार्जर घेऊन तिथे गेले, समोर पोर्शेसारख्या गाड्या. तिथल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्या इंजिनाला पुरेना आणि चार्जर दोन लॅपमध्ये बाद. सोबत गेलेली फोर्ड टोरिनो रात्रीपर्यंत टिकली, मग गिअरबॉक्स गेला. ट्रॅकवरच्या पंपातलं पेट्रोल भरताना आकडा वाचा. पहिल्या सेशननंतर स्पार्क प्लग काढा. पांढऱ्या पोर्सेलिनवर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. इग्निशनचं टायमिंग दोन अंश मागे घ्या, आणि चांगलं पेट्रोल मिळेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

टायर नवं, हाडं जुनी

वेग कमी पडतोय म्हणून लोक चिकट रबराचे टायर चढवतात. नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य स्टॉक कार शर्यतींत, गुडइयरचे रेडियल टायर १९८९ ला आले. त्याआधीच्या गाड्यांची भूमिती बायस प्लाय या जुन्या बांधणीच्या टायरसाठी केलेली. ते टायर आधी घसरून सांगतात, मग सोडतात. जास्त पकड देणारं टायर लावलं की तो ताण कुठेतरी जातोच: स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), अॅक्सलवर, चाकाच्या भोकांवर. आमच्या एका चाकाला नटाच्या भोकापासून केसाएवढी चीर पडलेली होती. धुताना नखाला लागली. तेव्हापासून दर दोन वीकेंडनंतर चाकं आणि स्पिंडल डाय लावून क्रॅक टेस्ट करतो. कंटाळवाणं काम आहे. मी ते रेडिओवर मराठी गाणी लावून करतो.

ऑइल आणि गिअर

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सपाट टॅपेटच्या कॅमला झिंक असलेलं ऑइल लागतं. आजच्या साध्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी असतं. एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी वाढलेली सापडत असेल तर ती परत सेट करत बसू नका. कॅमचा उंचवटा झिजतोय, आणि तो चुरा बेअरिंगांपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

गिअरचं दुखणं घाईतून येतं. नव्या गाड्यांचे ड्रायव्हर खटाखट गिअर पाडतात, आणि त्यांच्या मागे लागून आपला माणूस चार गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये चौथ्यावरून तिसरा शोधताना पहिल्यात घालतो. इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या आमच्या टॅकोमीटरला एक जादा सुई आहे, ती इंजिन जिथवर फिरलं तिथे अडकून राहते. रविवारच्या शेवटच्या सेशननंतर दोस्त गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "एकदम मस्त गेलं, भावा. कुठं काय नाय." आमची मर्यादा ७२०० ची. मी खिडकीतून आत वाकून पाहिलं तर सुई ८४०० वर. मी काही बोललो नाही. पाना घेतला आणि व्हॉल्व्ह कव्हर खोलायला लागलो.