मीडियन नर्व्ह मोजताना: रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेन्टांसाठी

मनगटाची सोनोग्राफी वरकरणी सोपी वाटते, म्हणूनच ती बहुधा सर्वांत नव्या रेसिडेन्टच्या गळ्यात पडते. कार्पल टनेलमधून, म्हणजे मनगटातील अरुंद बोगद्यातून, नऊ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि मीडियन नर्व्ह ही हाताची मज्जातंतू जाते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पिसिफॉर्मच्या (मनगटातील करंगळीकडच्या छोट्या हाडाच्या) पातळीवर नर्व्हच्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या पुढे गेले की कार्पल टनेल सिंड्रोमचा, म्हणजे नर्व्ह बोगद्यात दबत असल्याचा, संशय घ्यावा, हेही सर्वांना पाठ असते. मात्र हा आकडा मोजणाऱ्याच्या हातावर किती अवलंबून असतो, ते फारसे कोणी सांगत नाही, आणि मी सर्वांत जास्त काळ तेथेच अडकून पडलो होतो.

बोगद्यात शिरताना ही नर्व्ह त्वचेला समांतर राहत नाही, ती खोलात उतरते. त्यामुळे प्रोब (सोनोग्राफीचे हातात धरायचे उपकरण) त्वचेवर काटकोनात धरला तरी नर्व्हवर तो तिरपाच पडतो आणि काकडी तिरपी कापल्यावर चकती मोठी यावी तसे क्षेत्रफळ फुगते. हा तिरपेपणा 30 अंशांचा असेल तर वाढ सुमारे 15 टक्के होते, म्हणजे 9 चे 10.4 होतात आणि धडधाकट मनगट रिपोर्टमध्ये आजारी ठरते. म्हणून भरपूर जेली घ्या, दाब देऊ नका, प्रोब सावकाश मागेपुढे झुकवा. झुकवताना प्रतिमेत टेंडन आधी काळवंडतात, नर्व्हची जाळीदार ठेवण मात्र बराच वेळ टिकते. ज्या कोनात तिची कड सर्वांत रेखीव आणि आकार सर्वांत लहान दिसेल, तेथेच थांबा आणि बाहेरची पांढरी कड वगळून आतून ट्रेस करा, म्हणजे रेषा ओढून क्षेत्रफळ मोजा. घाईत लंबवर्तुळाचे साधन वापरणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही, कारण चपटी झालेली नर्व्ह लंबवर्तुळाकार नसते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतील प्रमाणपत्रापेक्षा, शेजारी उभे राहून तुमचे मनगट धरून प्रोब झुकवणारा सीनियर शंभरपट मोलाचा.

घाबरून जाऊ नका, हात हळूहळू बसतो. मधुमेही रुग्णांत नर्व्ह सगळीकडेच जाड असू शकते, म्हणून मनगटाच्या थोडे वर असलेल्या प्रोनेटर क्वाड्रेटस या स्नायूच्या पातळीवरही मोजा; दोन्हींत 2 चौरस मिलिमीटर किंवा अधिक फरक असेल तर तो बोलका असतो. नर्व्ह दुभंगलेली असेल तर दोन्ही भागांची बेरीज करा आणि मधून धमनी जाते का, हे रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावून पाहा. सर्जनला ते आधी कळलेच पाहिजे.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असे कदापि लिहू नका. सुरुवातीच्या अवस्थेत नर्व्ह जाड झालेली नसू शकते, आणि तिचे काम कसे चालले आहे ते नर्व्हमधून विद्युत संदेश कसे जातात हे मोजणारी नर्व्ह कंडक्शन चाचणीच सांगते. एमआर न्यूरोग्राफी (नर्व्हचा खास एमआरआय) आणि त्यातलेच, पाण्याच्या कणांच्या हालचालीवरून तयार होणारे डिफ्यूजन टेन्सरचे रंगीत नकाशे मोहक असतात. पण माझ्या मते ते शस्त्रक्रियेनंतरही त्रास न थांबलेल्या किंवा गाठीची शंका असलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवावेत. शस्त्रक्रियेनंतर मुंग्या थांबल्या तरी नर्व्ह जाडच राहू शकते, तेव्हा आधीच्या प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय असा रिपोर्ट लिहायला बसू नका.