गच्ची किती ऊन परत पाठवते? चुना मारण्याआधी आणि नंतर मोजून पाहा

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एप्रिलमध्ये रात्री अकरालाही छताची धग जाणवते. त्यावर चुना मारतात, पण त्याने किती फरक पडला हे कोणी मोजत नाही. मला ते मोजणं फार गरजेचं वाटतं, कारण पांढऱ्या रंगाने डोळे दिपले की आपण छत गार झालं असंच धरून चालतो.

वायरला जोडलेला पांढऱ्या गोल सेन्सरचा लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घ्या, 2 लाख लक्सपर्यंत मोजणारा (लक्स हे उजेडाचं एकक). मोबाइलचं अ‍ॅप इथे नको. त्याचा सेन्सर काचेआड असतो, तिरपा उजेड त्याला नीट पकडता येत नाही.

निरभ्र दिवस निवडा, वेळ साधारण 11 ते 2. गच्ची झाडून पूर्ण कोरडी होऊ द्या. ओला स्लॅब काळपट दिसतो आणि आकडा खाली येतो. टाकीची, कठड्याची सावली पडत नाही असा 4 मीटर लांब-रुंद भाग शोधा. सेन्सर लांब काठीच्या टोकाला बांधा आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरा. काठी लांबच हवी. सेन्सर खाली वळवला की त्याला चहूबाजूंचा उजेड दिसतो, त्यात तुमचे पाय आणि सावली आली तर मोजणी फुकट.

आधी सेन्सर आकाशाकडे करून आकडा लिहा, मग खाली वळवून, मग पुन्हा वर. वरचे दोन आकडे जुळले नाहीत तर मध्ये ढग आला, पुन्हा मोजा. खालच्या आकड्याला वरच्याने भागा. समजा वर 90,000 आणि खाली 27,000 लक्स आले, तर परावर्तन 0.30, म्हणजे 30 टक्के उजेड परत गेला. चुन्यानंतर खाली 63,000 आले तर 0.70.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लक्समीटर फक्त डोळ्यांना दिसणारा प्रकाश मोजतो आणि उन्हाची जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती धरायची तर एक वर आणि एक खाली तोंड केलेले दोन पायरानोमीटर, म्हणजे उन्हाची एकूण ऊर्जा मोजणारी यंत्रं, लागतात. हवामान केंद्रांवर तसंच मोजतात. पत्र्याला तर नुसता परावर्तनाचा आकडा पुरत नाही. उघडा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही, म्हणून तापतो.

चुन्यावर धूळ बसते, पावसात शेवाळ चढतं. म्हणून दिवाळीनंतर त्याच जागी, त्याच उंचीवरून पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसह जिन्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.