इंजिन बदलताना रिले आणि फ्यूज यांची जोडणी

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवताना इंधन पंपाचा आणि रेडिएटरच्या पंख्याचा भार मूळ इग्निशन स्विचवर टाकू नये. दोघांना स्वतंत्र रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा. चार पिनांच्या रिलेत ३० क्रमांकाच्या पिनवर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वर पंप किंवा पंखा आणि ८५-८६ वर कॉइल (रिले चालू करणारे तारेचे वेटोळे) असते. कॉइलच्या एका टोकाला चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा द्यावा व दुसरे ईसीयूकडे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडे) न्यावे, कारण बहुतेक ईसीयू अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाचा जोड) देऊनच रिले चालू करतात. शिवाय ईसीयूमुळे इंजिन थांबताच पंप बंद होतो आणि अपघातात आगीचा धोका घटतो. पंपासाठी कायम चालू राहणारा स्विच लावण्याचा सोपा मार्ग मला म्हणूनच मान्य नाही.

फ्यूज हा वायरीचे रक्षण करतो, त्यामुळे तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. पंपाला साधारणतः १५ अँपिअरचा फ्यूज व २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. पंख्याला ३० अँपिअर आणि किमान ४ चौरस मिलिमीटर लागते. वायरीवर दाबून बसवलेला प्रत्येक लग (धातूचे जोडटोक) हाताने ओढून पाहावा. शेवटी पंखा चालू असताना बॅटरीचे धन टोक आणि पंख्याचे धन टोक यांमध्ये मल्टिमीटर लावावा; अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसल्यास एखादा जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे.