डब्यात बुश सापडले, आता काय करायचं?

असले फोन रात्रीच येतात, दुसरी पाळी सुटली की. परवा शिरोलीचा एक मालक होता, वीस-बावीस माणसांचं मशीनशॉप. "मॅडम, चोर घावला. जेवणाच्या डब्यात गनमेटलचे चार बुश. केबिनमध्ये बसवून ठेवलाय, कबुलीबी लिहून घेतलीय. पोलीस बोलवू का सरळ हाकलू?" (बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारी धातूची छोटी नळी, आणि गनमेटल हा तांब्याचा मिश्रधातू.)

मी विचारलं, "एकूण किती बुश कमी आहेत?"

"सतरा."

"कुठल्या हिशेबानं?"

पलीकडे शांतता.

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. आता निवृत्त आहे, आणि ओळखीचे छोटे कारखानदार अडले की फोन करतात. त्या सगळ्यांना सांगते तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट, त्या माणसाला घरी जाऊ द्या. रात्रभर केबिनमध्ये कोंडून ठेवलंत तर तो गुन्हा तुमचा होतो. आणि ती कबुली फाडू नका, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नका. मालक, सुपरवायझर आणि वॉचमन असे तिघं भोवती उभे असताना माणूस काय वाटेल ते लिहून देतो. हे मला माहीत आहे, कारण एकदा तसा मजकूर मीच सांगितला होता आणि एका हेल्परनं तो लिहिला होता. कार्बाइडचे चौदा इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या कापायच्या हत्याराला लावायची पाती, गायब होते. काडेपेटीएवढ्या डबीत मावणारी, पण महागडी वस्तू. त्या पाळीत स्टोअरमध्ये तो एकटाच जाऊन आला होता, तेवढ्यावर आम्ही निकाल लावला. कबुली घेतली, राजीनामा घेतला, सुटलो असं वाटलं. आठ दिवसांनी इन्सर्ट एका सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कामगाराच्या, ड्रॉवरमध्ये मिळाले. रात्रीच्या जॉबसाठी त्यानं काढून ठेवले होते, स्टोअरमधून माल नेल्याची चिठ्ठी, इश्यू स्लिप, लिहायची राहून गेली होती. हेल्परला परत बोलावलं. तो आला नाही.

म्हणून आधी मोजा. "सतरा कमी" हा आकडा फोरमनच्या डोक्यातला आहे की कागदावरचा? किती कास्टिंग आलं, किती पीस ओके झाले, मापात न बसलेले रिजेक्शन ट्रेमध्ये किती पडलेत, मशीनवर अर्धवट किती, जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर किती गेले आणि त्या मालासोबतचा कागद, चलन, कुठं आहे, गिऱ्हाइकाला किती पाठवले. ही बेरीज-वजाबाकी दोघांनी मिळून करायची, त्यातला एक स्टोअरबाहेरचा. ती होईपर्यंत "चोरी" हा शब्द काढायचा नाही, "माल कमी भरला" म्हणायचं. कारखान्यात शब्द चहाच्या गाडीबरोबर फिरतो, परत घेता येत नाही.

डब्यात मिळालेल्या चार बुशांचं मात्र त्याच रात्री करायचं. फाटकावरच पंचनामा: वेळ, जागा, वस्तू, संख्या, कोणी तपासलं, कोणासमोर. दोन साक्षीदार, त्यातला एक शक्यतो त्याच्याच खात्यातला कामगार. बुश पिशवीत घालून सील करायचे, वर सगळ्यांच्या सह्या. त्या माणसाची सही मागायची. नाही म्हणाला तर "सही करण्यास नकार दिला" असं लिहून साक्षीदारांनी सही करायची. कॅमेरा असेल तर त्या तासाभराचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा. छोट्या कारखान्यांतल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये जुनं पुसून त्यावर नवं भरत जातं, आणि चौकशीच्या दिवशी हळहळ करण्यात अर्थ नसतो. बाईकामगाराची झडती बाईनंच घ्यायची, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

झडती सगळ्यांची. रोज नको, पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी मॅनेजरच्या गाडीची डिकीसुद्धा उघडायची. आमच्याकडे एका साहेबांच्या घराला कारखान्याच्या पेंट स्टोअरमधला रंग लागला होता. सगळ्यांना माहीत होतं. त्याला "अ‍ॅडजस्टमेंट" म्हणत. त्याच वर्षी एका वॉचमनला पाच लिटर डिझेलसाठी घरी पाठवलं. चौकशीत त्यानं एकच प्रश्न विचारला, "रंगाचं काय झालं?" मी तो कामकाजात लिहून घेतला. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पोलिसांकडे जायचं का? जायचं तर सरळ जा. नोकरानं मालकाच्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 306 आहे, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. पण "राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत देतो" ही सौदेबाजी करू नका. दबावाखालचा राजीनामा कामगार न्यायालयात फार टिकत नाही. आणि पगारातून परस्पर पैसे कापू नका. नुकसान वसूल करायचं तरी आधी त्याला बोलायची संधी द्यावी लागते.

पोलीस केस आणि तुमची खात्यातली चौकशी यांचे रस्ते वेगळे. कोर्टात संशयापलीकडे पुरावा लागतो, चौकशीत "घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं पुरतं. पण तेवढ्यालासुद्धा काहीतरी पुरावा लागतो. मालकाची खात्री हा पुरावा नव्हे.

निलंबित करायचं असेल तर लेखी करा, आणि निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे हे स्वतःला बजावून ठेवा. निलंबनाच्या काळात पोटापाण्यासाठी निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिल्या 90 दिवसांसाठी पगाराच्या 50 टक्के, त्यानंतर विलंब कामगारामुळे झाला नसेल तर 75 टक्के. 1946 च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांच्या, कायद्यात हे होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहिता तर अशी चौकशी साधारणपणे 90 दिवसांत पुरी करा म्हणते. संहितेतले स्थायी आदेश 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू आहेत, हे खरं. पण तुमच्याकडे वीसच माणसं असली तरी "त्याला ऐकून घेतलंत का?" हा प्रश्न न्यायालयात येणारच.

भत्त्याचं मी जरा जोर देऊन सांगते, कारण मालक तिथंच चुकतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी सोनं मिळालं म्हणून 1985 मध्ये त्याला निलंबित केलं. निर्वाह भत्ता दिला नाही. तो केरळात घरी, चौकशी कोलारला, आणि जायला पैसे नाहीत. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकून त्याला बडतर्फ केलं. पुढं फौजदारी कोर्टात तो निर्दोष सुटला, आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द केली. उपाशी ठेवून चौकशी करता येत नाही, एवढं त्यातून घ्या.

आता चार्जशीट, म्हणजे पोलिसांचं नव्हे, तुमच्या चौकशीचं आरोपपत्र. शिरोलीकरांनी मला पाठवलेला मसुदा असा होता: "तू कंपनीचा विश्वासघात करून नेहमी चोऱ्या करतोस, तुला कामावरून का काढू नये?" यात तारीख नाही, वस्तू नाही आणि निकाल आधीच लागलाय. त्याऐवजी असं लिहा:

"दि. … रोजी दुसऱ्या पाळीनंतर रात्री 11.10 वाजता मुख्य फाटकावरील तपासणीत तुमच्या जेवणाच्या डब्यात कंपनीचे गनमेटलचे 4 बुश मिळाले. ते बाहेर नेण्यासाठी तुमच्याकडे गेटपास नव्हता. हे सिद्ध झाल्यास ते कंपनीच्या मालमत्तेबाबत चोरी किंवा अप्रामाणिकपणा हे गैरवर्तन ठरते. हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी खुलासा द्यावा."

मराठीतच लिहा. आणि बाकीचे तेरा बुश यात घुसडू नका, त्यांचा या माणसाशी संबंध दाखवणारं तुमच्याकडे काहीही नाही.

खुलासा पटला नाही तर चौकशी. चौकशी अधिकारी म्हणजे मालक नव्हे, मालकाचा मेव्हणा नव्हे, फाटकावर झडती घेणारा तर नव्हेच. बाहेरचा वकील किंवा निवृत्त माणूस मिळतो. कामगाराला सोबत सहकारी आणू द्या. तुमचे साक्षीदार त्याच्यासमोर बोलतील, तो त्यांना उलट प्रश्न विचारेल, आपले साक्षीदार आणेल. प्रत्येक पानावर सह्या, आणि पानांची प्रत त्याला त्याच दिवशी. त्या खोलीत मालकानं येऊन बसायचं नाही. येतातच. "मी नुसता ऐकतो" म्हणतात, आणि साक्षीदार त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात.

अहवाल आला की त्याची प्रत त्याला द्यायची, त्यावर त्याचं म्हणणं घ्यायचं, मगच शिक्षा ठरवायची. प्रत देण्याचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये पक्कं केलंय.

शिक्षा किती? माझ्याकडे एक जुनी लांबट वही होती. तिच्यात नावं नाहीत. तारीख, हुद्दा, वस्तू, किती वर्षांची नोकरी, आधीची पत्रं, दिलेली शिक्षा. निर्णयाआधी ती उघडायची. गेल्या वेळी अशाच गोष्टीला सुपरवायझरला ताकीद दिली असेल, तर हेल्परला बडतर्फ करताना कारण लिहिता आलं पाहिजे. आपल्याकडे 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. किरकोळ गैरवर्तनाला, मागची सेवा न बघता, धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. अवाजवी घाईनं किंवा ऐकून न घेता काढणंही. दुसरी बाजूही सांगते: रक्कम लहान म्हणून चोरी किरकोळ ठरते असं नाही. एसटीच्या वाहकांसारख्या, ज्यांच्या हातात पैसे असतात त्यांच्या प्रकरणांत न्यायालयांनी थोड्या रकमेलाही बडतर्फी मान्य केली आहे. स्टोअरकीपर आणि झाडूवाला यांच्यात म्हणूनच फरक करता येतो. मालकाच्या गावचा आणि परगावचा यांच्यात नाही.

तोवर त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. टाकला असेल तर काढा.

शिरोलीकरांचा तिसऱ्या दिवशी परत फोन आला. आवाज जरा खाली होता. "मॅडम, मोजलं. सतरा नाहीत, सहाच कमी. अकरा बाहेर प्लेटिंगला, मुलामा द्यायला गेलेत, चलन गाडीतच राहिलं होतं."

"आणि डब्यातले चार?"

"ते त्या सहातलेच. तो म्हणतो रिजेक्शनमधले उचलले, भंगार समजून."

"बुश मापलेत?"

"नाही अजून."

"मग सील साक्षीदारांसमोर उघडा, त्याच्याही समोर, आणि मायक्रोमीटर घेऊन बसा."