साधा फोन ४जीवर नेताना: खोक्यावरच्या अक्षरांपलीकडे काय तपासायचं

बटणांच्या फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण आहेत, मेसेजही येताहेत, पण नंबर लावला की दोन सेकंदांत कॉल तुटतो आणि बाहेरून फोन करणाऱ्याचा कॉल लागतच नाही. जुनं नेटवर्क बंद झाल्यावरची ही नेहमीची तक्रार. फोन बिघडला असं समजून लोक तो दुरुस्तीला नेतात, पण फोन ठणठणीत असतो. ४जीमध्ये आवाजासाठी वेगळी वाट मुळात ठेवलेलीच नाही, तिथे सगळी वाहतूक डेटाची. ज्या फोनला आवाज डेटा म्हणून पाठवता येत नाही तो कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरतो आणि बोलणं संपलं की परत वर चढतो. खालची ती पायरीच काढून घेतली की त्याला उतरायला जागा उरत नाही. एसएमएसला बहुतेक नेटवर्कांवर ही उतरंड लागत नाही, म्हणून ते येत राहतात आणि माणूस आणखीच गोंधळतो.

४जीवरून थेट बोलण्याच्या सोयीला व्होल्टी म्हणतात. त्यामुळे नवा फोन घेताना ‘४जी आहे का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘माझ्या कंपनीच्या सिमवर या मॉडेलचं व्होल्टी चालतं का?’ असं विचारायचं.

नेमकं काय बंद होतंय?

सगळीकडे एकच क्रम नाही. अमेरिकेत एटी अँड टीने २जी २०१७ च्या सुरुवातीला काढलं आणि ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं, टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांचं ३जी २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद व्हायला लागलं. ब्रिटनमध्ये उलट: ३जी आधी काढलं आणि २जीसाठी २०३३ पर्यंतची मुदत ठरली. युरोपात बऱ्याच ठिकाणी २जी मागे ठेवण्याचं कारण फोन नसून यंत्रं आहेत. वीजमीटर, लिफ्टमधले अलार्म, आणि अपघात झाल्यावर गाडीतून आपोआप कॉल लावणारी यंत्रणा, जी युरोपीय संघात २०१८ पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलांना सक्तीची आहे.

याचा व्यवहारात अर्थ असा, की तुमची कंपनी फक्त ३जी काढत असेल आणि तिचं २जी चालू राहणार असेल, तर साधा २जी फोन आणखी काही वर्षं बोलण्यापुरता चालेल. तो आजच बदलायची घाई नको. दोन्ही जाणार असतील तर तारखेच्या निदान महिनाभर आधी कामाला लागा. शेवटच्या आठवड्यात सिम बदलणाऱ्यांची रांग असते.

हातातला फोन तपासा

एक मिनिटाचं काम आहे. वायफाय बंद करा, कोणालाही कॉल लावा आणि बोलणं चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा एलटीई (४जीचंच दुसरं नाव) तसंच राहिलं तर व्होल्टी चालू आहे. त्याजागी ३जी, एच (हेही ३जीच) किंवा ई (म्हणजे २जी) उमटलं तर फोन खाली उतरतोय. कधी कधी फोनमध्ये सोय असते पण बटण बंद असतं, म्हणून निकाल लावण्याआधी सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क किंवा सिमच्या पानावर व्होल्टीचा पर्याय शोधा, चालू करा, फोन बंद करून पुन्हा सुरू करा आणि परत कॉल लावून बघा. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच मॉडेलांत तपासणीचं पान उघडतं. तिथे ‘आयएमएस’ची, म्हणजे व्होल्टीचे कॉल चालवणाऱ्या यंत्रणेची, स्थिती नोंदणीकृत दिसली तर उत्तम.

तरी शंका उरली तर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. त्यातले पहिले आठ आकडे मॉडेल ओळखतात, आणि कंपनीचा माणूस त्यावरून तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते सांगू शकतो. ही यादी महत्त्वाची. अनेक कंपन्या त्यांनी तपासलेल्या मॉडेलांनाच व्होल्टी देतात. परदेशातून आणलेला चांगला महागाचा फोनही यादीत नसेल तर कॉलच्या वेळी खाली उतरायला बघतो, आणि पायरी नसली की गप्प बसतो. सेटिंग बदलून हे सुटत नाही, तासभर डोकेफोड करू नका.

नवा फोन निवडताना

नावावर जाऊ नका. नोकिया ३३१० चं २०१७ मध्ये पुनरागमन झालं ते २जी म्हणून. पुढे त्याच नावाने ३जी आणि ४जीचे प्रकार आले. २२५ आणि १०५ यांच्या बाबतीतही जुना २जी आणि नवा ४जी दिसायला भाऊभाऊ. वापरलेला फोन घेत असाल तर बॅटरी काढून आतल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचा आणि त्यावरून शोधा, मालकाच्या शब्दावर नको.

दोन सिमचा फोन असेल तर आणखी एक खाच आहे. जुन्या ४जी मॉडेलांत दुसऱ्या खणाला फक्त २जी-३जी मिळतं. दोन्ही नंबर बोलते ठेवायचे असतील तर दोन्ही खणांवर ४जी आणि व्होल्टी आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं. बँडही, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो तेही, बघा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून बऱ्या शिरतात. कंपनीचा हा खालचा बँड फोनमध्ये नसेल तर अंगणात रेंज आणि आतल्या खोलीत शुकशुकाट असा प्रकार होतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यासाठी फोन घेताना श्रवणयंत्राशी जुळण्याची एम३/टी३ किंवा त्याहून वरची श्रेणी बघा. (२जी फोन जवळ आला की रेडिओत जी टर्रर्र येते तीच श्रवणयंत्रातही येते. ४जीवर तो त्रास पुष्कळ कमी होतो, हा या सगळ्या खटाटोपातला एक खरा फायदा.) व्हॉट्सअॅपसाठी काय-ओएसचा (बटणांच्या फोनांसाठीची एक प्रणाली) बटणांचा फोन घ्यायचा विचार असेल तर सोडा, जून २०२४ पासून त्यावर ते नव्याने उतरवता येत नाही.

आपत्कालीन कॉल वेगळा तपासायचा

यावर लोक सर्रास फसतात. काही फोन रोजचे कॉल व्होल्टीवरून नीट लावतात, पण आपत्कालीन नंबर मात्र ३जीवरूनच लावायचा असं त्यांच्या आत बसवलेलं असतं. ३जी असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियात ३जी बंद करताना असे फोन मोठ्या संख्येने निघाले आणि आपत्कालीन कॉल लावू न शकणारे फोन नेटवर्कवर येऊ न देण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं गेलं. म्हणून साधा कॉल लागला एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनीला आयएमईआय देऊन हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. तपासण्यासाठी तो नंबर फिरवू मात्र नका; तिकडे कोणाची तरी खरी लाईन अडते.

सिम

फार जुनं सिम, म्हणजे २जीच्या काळातलं, ४जी नेटवर्क स्वीकारतच नाही. ४जीला यूसिम, म्हणजे नव्या प्रकारचं सिम, लागतं. नवा फोन घेऊनही वर फक्त ई दिसत असेल तर पहिला संशय सिमवर घ्या. नंबर तोच ठेवून सिम बदलून मिळतं. नवं कार्ड तीन मापांत कापलेलं येतं: २५ × १५, १५ × १२ आणि १२.३ × ८.८ मिलिमीटर. फोनचा खण आधी मोजा आणि तेवढंच मोडा, कारण कित्येक बटणांच्या फोनांना अजून मोठं किंवा मधलं माप लागतं. कात्रीने कापू नका. आणि रिकामा अडॅप्टर (लहान सिम मोठ्या खणात बसवायची चौकट) खणात कधीही सरकवू नका: बाहेर ओढताना आतल्या पिना त्यात अडकून उभ्या राहतात आणि खण कामातून जातो.

सिम बदलल्यावर काही बँका आणि सेवा सुरक्षेसाठी थोडा काळ ओटीपी रोखतात. पैशांचं तातडीचं काम त्याच दिवशी ठेवू नका.

नंबरांची वही

बहुतेक वेळ इथेच जातो. आधी जुन्या फोनमध्ये नंबर नेमके कुठे आहेत ते बघा: फोनमध्ये, सिममध्ये की दोन्हीकडे. सिमवर साधारण २५० नोंदी मावतात, प्रत्येक नोंदीत एकच नंबर, आणि नावाला जेमतेम चौदा-पंधरा अक्षरं. देवनागरीत प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते, त्यामुळे जागा आणखी लवकर संपते. ‘सुरेखामावशी घरचा’ आणि ‘सुरेखामावशी मोबाईल’ सिमवर गेल्या की दोन्ही ‘सुरेखामावशी’ होऊन बसतात. म्हणून सिम हा शेवटचा उपाय समजा. दोन्ही फोनांना ब्लूटूथ असेल तर संपर्क यादीच्या पर्यायांतून सगळे नंबर एकत्र पाठवा. मेमरी कार्ड असेल तर बॅकअप काढून कार्ड नव्या फोनमध्ये घाला.

यातलं काही जमत नसेल तर सिमवर कॉपी करण्याआधी नावं लहान करा: ‘सुरेखा घ’, ‘सुरेखा मो’. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची संख्या जुळवा. नवं सिम सुरू झालं की जुन्याचं नेटवर्क जातं, पण त्यातले नंबर तसेच राहतात आणि कार्ड कुठल्याही फोनमध्ये घालून वाचता येतात. म्हणून ते दुकानात देऊन टाकू नका. फोनमधले जुने एसएमएस मात्र सहसा सोबत येत नाहीत. जपायचे असतील त्यांचे फोटो काढा.

सुरू झाल्यावर

एक कॉल करा, एक घ्या, घराच्या सगळ्यात आतल्या खोलीतून पुन्हा करा. मोबाईल डेटा बंद करूनही लावून बघा. व्होल्टीचा आवाज डेटा म्हणूनच जातो, पण तो इंटरनेटच्या बटणावर अवलंबून नसतो, त्यामुळे कॉल लागायला हवा. शिलकीसाठीचे *१२३# सारखे कोड काही नेटवर्कांवर ४जीतून चालत नाहीत, तो फोनचा दोष नाही. बॅटरीबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा: आठवडाभर टिकणाऱ्या फोनची सवय असते, ४जीवाला दोन-तीन दिवसांनी चार्जिंग मागतो.

घरात सिम असलेली आणखी यंत्रं आहेत का तेही आठवा: चोर-अलार्म, गाडीचा ट्रॅकर, ज्येष्ठांच्या गळ्यातलं मदतीचं बटण, पंपाचा मोबाईल स्टार्टर. यांना सिम बदलून भागत नाही, आतलं मॉड्यूल बदलावं लागतं. कॉल करून बटणं दाबून चालणाऱ्या स्टार्टरसाठी नवं मॉड्यूल व्होल्टीचंच हवं, निव्वळ डेटाचं मॉड्यूल कॉल उचलणार नाही.

जुना फोन देण्याआधी मेमरी कार्ड काढा आणि फोन मूळ सेटिंगवर आणा. जुन्या नोकियाने कोड मागितला आणि तुम्ही कधी बदलला नसेल, तर तो १२३४५ असतो. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे वेगळी द्या.