किंबरलाइटमधले तुकडे मोजताय? या चुका टाळा

किंबरलाइटच्या (खोलवरून आलेला, कधी हिरे आणणारा ज्वालामुखी खडक) नळीतले, म्हणजे उद्रेकाच्या उभ्या वाटेतले, तुकडे मोजायला बसलेला नवखा माणूस आधी सॉफ्टवेअर उघडतो, कोअरची (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्याची) पेटी मागाहून. आलेख देखणा येतो, म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

माझं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे किमान माप न ठरवता मोजणी सुरू करणं. एकदा एका नळीचा कोअर मी आणि एका सहकाऱ्याने वाटून घेतला. वरच्या पेट्या माझ्या, खालच्या त्याच्या. नेमक्या वाटणीच्या जागीच तुकड्यांचा मध्यक उडी मारून वर गेला. तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण आम्ही रेघ मारली, दोन वेगळे उद्रेक जाहीर केले आणि आठवडाभर त्यावर वादही घातला. मग पेट्यांचे फोटो काढून पाहिले. माझा कोअर ओला, त्याचा धुळकट! कोरड्या पृष्ठभागावर सर्पेंटाइन (पाण्याने बदलून बनलेलं खनिज) झालेले ऑलिव्हीन खनिजाचे बारीक कण आधारकात, म्हणजे भोवतालच्या बारीक खडकात, विरून जातात; त्याने ते मोजलेच नव्हते. ओलं करून पुन्हा मोजलं, तर दुसरा उद्रेक गायब.

तेव्हापासून पाण्याची फवारणी बाटली माझ्या पिशवीत असते. वहीच्या पहिल्या ओळीत किमान माप लिहितो, समजा ४ मिमी. त्याहून बारीक तुकडा स्पष्ट दिसला तरी मोजत नाही.

दुसरी चीड माप आणि तुकड्यांची संख्या यांच्या लॉग-लॉग (दोन्ही अक्ष लॉगमध्ये) आलेखावरच्या सरळ रेषेची. संचयी आलेखात प्रत्येक बिंदूत आधीचे तुकडे मिसळलेले असतात, त्यामुळे रेष जवळपास नेहमीच गुळगुळीत दिसते. रेष किती चपखल बसली ते सांगणारा आकडा '०.९८ आला' म्हणून नाचू नका. बारीक टोकाचं वाकण बहुधा तुमच्या नजरेची मर्यादा असते, भरड टोकाचं फोटोच्या चौकटीची. घातांक (रेषेचा उतार) हवाच असेल, तर किमान मापाच्या वरच्या तुकड्यांवर 'मॅक्सिमम लाइकलीहूड' ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरा. मापांचा पल्ला दहापटही नसेल, तर पॉवर लॉचं (संख्या मापाच्या ठरावीक घाताने घटते, या नियमाचं) नाव काढू नका.

फोटोतली आणि लाइन स्कॅनची (कोअरवरच्या रेषेने कापलेल्या तुकड्यांच्या लांबीची) मापं सरळ एकत्र करू नका. सारख्या आकाराच्या गोलांना कुठूनही कापलं, तर वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्याच्या ०.७९ पट येतो. यादृच्छिक रेषेवरची सरासरी लांबी ०.६७ पट.

एनक्यू या प्रमाणित मापाचा कोअर ४७.६ मिमी जाडीचा. त्यात ६४ मिमीच्या वरचे खंड 'नाहीत' असं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं?

फाय मोजपट्टीत (कणांच्या मिमीतल्या मापाचा दोनच्या पायाचा लॉग, चिन्ह उलटं) ८ मिमी म्हणजे उणे ३. चिन्ह विसरलात, की बारीक आणि भरड यांची अदलाबदल.

आणि आजूबाजूच्या खडकाचे तुकडे, प्रावरणातून आलेले झेनोलिथ (मॅग्माने उचलून आणलेले परके खडक), मॅग्माक्लास्ट (मॅग्माचेच थिजलेले गोळे) असं सगळं एकाच हिस्टोग्राममध्ये कोंबू नका. मोजतानाच प्रकाराचा रकाना भरा. नंतर फोटोवरून ओळखू म्हणणारे कधीच ओळखत नाहीत.